विशेषणं खोडताना

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी मी ठाण्यात, चरईत आईकडे, तिच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. रात्री बाराच्या आत एक अर्ज पाठवायचा होता. सायबर सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता या क्षेत्रांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी एक पुरस्कार होता आणि माझ्या टीममधल्या एका मुलीचं नाव मी सुचवणार होते. नाव, शिक्षण, अनुभव हे रकाने भरून झाले. मग आला मोठा रकाना : ‘उल्लेखनीय काम, तीनशे शब्दांत’. तोही वीस मिनिटांत भरला आणि आईला वाचून दाखवला. कष्टाळू आहे, जबाबदार आहे, शांत डोक्याची आहे, सगळ्यांना सांभाळून घेते, शिकण्याची ओढ आहे, ताण आला तरी डगमगत नाही.

आई मटार सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मुलगी चांगली दिसतेय. पण तिनं केलं काय?”

मी पुन्हा वाचलं. ‘काम’ असं लिहिलेल्या रकान्यात मी तिचा स्वभाव लिहिला होता.

आणि मला आईचा निरोपसमारंभ आठवला. १९६९ साली ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि २००८ साली निवृत्त झाली. मी पहिल्या रांगेत बसले होते. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, समोसा आणि वेफर्स. पाच जण बोलले, सगळे अगदी मनापासून बोलले. हसतमुख. मनमिळाऊ. कधी कोणाशी वाद नाही. त्यांच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी आम्ही विसरणार नाही. एकूणचाळीस वर्षं या बाईनं तिथे काय केलं, हे त्या संध्याकाळी कोणी सांगितलं नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे काही राहून गेलंय असं मला वाटलंच नाही. मी टाळ्या वाजवल्या, आईच्या हातातलं नारळाचं तबक घेतलं आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो.

मी ऐरोलीत काम करते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसलं की दिघ्यानंतर ऐरोली. ही लाइन २००४ साली सुरू झाली. त्याआधी मी महाप्याला जायचे, बसने, विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून, आणि जुलैत तिथे पाणी भरलं की तासन् तास खोळंबायचे. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखान्यांचा वास असायचा. मग काचेच्या इमारती आल्या. आता त्यांच्या शेजारी खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, डेटा सेंटरच्या. आपले बँकेचे व्यवहार, दवाखान्यांचे रिपोर्ट, मुलांचे फोटो असल्या थंडगार भिंतींआड असतात. आमची टीम अशाच यंत्रणांवर रात्रंदिवस नजर ठेवते. सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर, आमच्या बोलण्यात नुसतं ‘सॉक’. मोठा हॉल, भिंतीवर स्क्रीन, तीन पाळ्या, आणि कधीच न संपणारे अलर्ट, म्हणजे धोक्याचे इशारे.

ही मुलगी मुरबाडच्या बाजूची. बी.एस्सी. आयटी. आमच्याकडे ती सगळ्यात खालच्या, म्हणजे एल-वनच्या जागेवर आली. तिच्या घरच्यांना रात्रपाळी पटत नव्हती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय करावी लागते. हे सगळं मी तिच्या वडिलांना फोनवर सांगितलं होतं, गाडीत गार्ड असतो हेही सांगितलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या भरवशावर.” तो भरवसा मी अजून बाळगून आहे.

ज्या रात्रीमुळे मी तिचं नाव सुचवत होते, ती अनंत चतुर्दशीची. सणाच्या रात्री ऑफिसं रिकामी असतात हे चोरालाही ठाऊक असतं, म्हणून अशा दिवशी आम्ही जास्त जागे असतो. २ वाजून ४१ मिनिटांनी तिच्या स्क्रीनवर एक अलर्ट आला. बॅकअपच्या, म्हणजे माहितीच्या राखीव प्रती काढण्याच्या कामासाठी ठेवलेल्या एका सर्व्हिस अकाउंटनं तीन मशीनवर लॉगिन केलं होतं. असं अकाउंट माणूस नाही, प्रोग्राम वापरतो. टूलनं त्याचं तिकीट, म्हणजे नोंद, उघडून तिला ‘लो’, म्हणजे कमी धोक्याचा, असा शेरा दिला होता. अशा ‘लो’ अलर्टांचा एका पाळीत ढीग पडतो. बहुतेक खरोखरच निरुपद्रवी असतात, म्हणून बंद केले जातात आणि पाळी पुढे सरकते.

पण तिच्याकडे एक वही होती. शाळेत असते तशी, दोनशे पानी. कोणीही सांगितलेलं नसताना सहा महिने ती त्या वहीत लिहीत होती, कुठलं अकाउंट रोज किती वाजता उठतं, कुठे जातं, कधी गप्प होतं. बॅकअपचं ते अकाउंट रात्री अकराला जागं व्हायचं, ठरलेल्या दोन सर्व्हरवर जायचं आणि साडेबाराच्या आत काम आटपायचं. पावणेतीनला त्यानं माणसांच्या मशीनवर फिरणं वहीत बसत नव्हतं.

तिनं ऑन-कॉल असलेल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला फोन केला. तो म्हणाला, सकाळी बघू. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा केला. तिसऱ्या फोनला म्हणाली, सर, हे तिकीट मी ‘हाय’ करतेय, अकाउंट बंद होणार नसेल तर आता मॅडमना उठवते. ३ वाजून ८ मिनिटांनी अकाउंट बंद झालं. मग तिनं मला उठवलंच.

सकाळपर्यंत उलगडा झाला. बाहेरच्या एका व्हेंडरला, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीला, लांबून आत यायला दिलेल्या रिमोट अ‍ॅक्सेसमधून कोणीतरी आत शिरलं होतं. रॅन्समवेअरवाले, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे, बऱ्याचदा आधी बॅकअप शोधतात. तो नासवला की सगळं कुलूपबंद झाल्यावर माणसाकडे पैसे मोजण्यावाचून मार्ग राहत नाही. त्यांच्या हाती बॅकअपची किल्ली लागलेली होती. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. आम्ही ती वेळेत कळवू शकलो, कारण तिनं प्रत्येक फोनची, प्रत्येक पायरीची वेळ मिनिटासकट लिहून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी लोक आले, मशीन सुरू केली, चहा घेतला, कामाला लागले. काहीही झालं नव्हतं.

या कामासाठी पुरस्काराचा अर्ज भरताना अडतं ते इथेच. आग विझवणारा दिसतो. निखारा पायाखाली चिरडणारी दिसत नाही, कारण दाखवायला जळकं काही उरत नाही. त्या घटनेच्या अहवालात वाक्य होतं, ‘टीमने वेळीच कारवाई केली.’ बैठकीत आभार मानले गेले ते ज्यानं अकाउंट बंद केलं त्याचे. त्याचेही मानायला हवेत, शेवटी बटण त्यानंच दाबलं. पण ते तीन फोन कोणी केले, ती वही कोणाची, हे त्या खोलीत मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. माझ्याच टीमचं कौतुक माझ्याच तोंडून कसं करायचं, असं मला वाटलं. ते चुकलं, आणि हा अर्ज मला म्हणूनच नीट भरायचा होता.

तिच्या वहीमागची कल्पना किती मोलाची आहे, हे मला अभ्यासातून माहीत होतं. नेहमीची वागणूक नोंदवून ठेवा, मग वेगळं काही घडलं तर ते घुसखोरीचं लक्षण असू शकतं, ही गोष्ट शास्त्रशुद्ध मांडली डोरोथी डेनिंग या अमेरिकी संशोधक बाईंनी, १९८७ सालच्या एका निबंधात. आज जगभरच्या सॉकमध्ये जे अलर्ट वाजतात, त्यांतल्या कितीतरींचं मूळ त्या मांडणीत आहे. मी या क्षेत्रात आले तेव्हाच्या ट्रेनिंगमध्ये कल्पना शिकवली, नाव नाही. तसंच ‘एमडी-५’ (फाइल बदलली का हे ओळखायला तिचा छोटा ठसा काढणारं एक सूत्र) वापरू नका, ते मोडलंय, हे आम्हाला घोकायला लावलं होतं. मोडलं कोणी? चीनच्या शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००४ साली. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी ‘शा-१’ या तसल्याच दुसऱ्या सूत्रालाही सुरुंग लावला. वांग या बाई आहेत हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या दिवशी मी ऐरोली स्टेशनच्या बाकावर फोन हातात घेऊन बसून राहिले होते आणि दोन गाड्या सोडल्या होत्या. आनंद झाला होता, आणि इतकी वर्षं हे आपल्याला कोणी सांगितलं नाही याचं वाईटही वाटलं होतं.

रकान्यांचा विचार करताना मला नेहमी जोन क्लार्क आठवतात. केंब्रिजला गणितात त्यांना पहिला वर्ग मिळाला, पण पूर्ण पदवी नाही, कारण केंब्रिज १९४८ पर्यंत स्त्रियांना ती देतच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, त्या ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या गुप्त संकेत फोडणाऱ्या केंद्रात गेल्या आणि जर्मन नौदलाच्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक भाषा फोडणाऱ्या हट ८ या विभागात काम करू लागल्या. पगार वाढवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या कामाला आणि त्यांच्या दर्जाला शोभेल अशी स्त्रीसाठी जागाच नव्हती. म्हणून त्यांना कागदोपत्री भाषातज्ज्ञ करण्यात आलं. मग एका फॉर्मवर त्यांनी लिहिलं, दर्जा : भाषातज्ज्ञ, भाषा : एकही नाही. पुढे त्या हट ८ च्या उपप्रमुख झाल्या. ब्लेचलीत काम करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या.

माझ्या स्वतःच्या पहिल्या सिक्युरिटीच्या नोकरीत माझं पदनाम ‘कोऑर्डिनेटर’ होतं. फायरवॉलचे नियम मी लिहायचे, ऑडिटला उत्तरं मी द्यायचे. तीच कामं करणारा शेजारचा मुलगा ‘इंजिनिअर’ होता. पुढची नोकरी शोधताना तीन ठिकाणी मला विचारलं गेलं, तुम्ही टेक्निकल आहात की कोऑर्डिनेशन बघता? पदनाम हे असं वर्षानुवर्षं अंगाला चिकटून राहतं. म्हणून माझ्या टीममध्ये कोणाचं पदनाम ठरत असलं की मी एचआरशी भांडते, आणि भांडत राहणार.

मार्च आला की मला चर्चासत्रांना बोलावतात. गुलाबाचं फूल मिळतं. मंचावर चार बाया असतात, आणि फिरून फिरून प्रश्न तोच येतो, घर आणि नोकरी कशी सांभाळता? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तीन वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही की व्हेंडरच्या अ‍ॅक्सेसवर तुम्ही कसा लगाम घालता. मला हे सांगायला फार आवडलं असतं. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलींना ऐकायलाही आवडलं असतं.

आमच्या मजल्यावर गोपनीयतेचं काम बघणारी माझी एक मैत्रीण आहे, डोंबिवलीची, शिक्षणाने वकील. तिचं काम माझ्या कामाहूनही अदृश्य. मागे एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीचा फॉर्म आमच्याकडे आला. पूर्ण जन्मतारीख, पिनकोड, लिंग, आणि खाली आजारांची यादी. नावं काढून टाकून तो डेटा विश्लेषणाला पुढे जाणार होता. सगळे म्हणाले, नाव नाही ना, मग काय हरकत आहे? ती उठून उभी राहिली आणि तिनं लतान्या स्वीनींची गोष्ट सांगितली.

१९९७ च्या सुमाराची ही गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. नावं काढलेली, जन्मतारीख, लिंग आणि झिपकोड, म्हणजे तिथला पिनकोड, तसाच. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर तिथेच राहत होते. त्यांची जन्मतारीख असलेली माणसं शहरात सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि त्या झिपकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांचा वैद्यकीय इतिहास असा बिननावाच्या यादीतून उघडा पडला. पुढे स्वीनींनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांच्या बाबतीत या तीनच गोष्टी त्यांना गर्दीतून वेगळं काढायला पुरेशा ठरू शकतात.

आपला एक पिनकोड खूप जास्त लोकांना पोटात घेतो, हे खरं. पण ही यादी एका कंपनीच्या काही शे माणसांची होती. त्यात एका पिनकोडवरून येणारी, अमुक दिवशी जन्मलेली बाई एकच असणार, आणि तिच्या पुढच्या रकान्यात तिचा आजार. माझ्या मैत्रिणीनं जन्मतारखेच्या जागी वयोगट करवून घेतला आणि पिनकोडचा रकाना काढायला लावला. अडीच आठवडे भांडून. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे, संमती घेऊन माहिती घ्यायची ती सांगितलेल्या कामापुरतीच. कायदा तिच्या बाजूनं होता, पण त्या खोलीत तिच्या बाजूनं बोलायला मीच काय ती होते. तिच्या कामाचं फलित एक नसलेला रकाना आहे. त्या कंपनीतल्या कुठल्याशा बाईला तिच्या गर्भपाताबद्दल कधी कोणी काही विचारणार नाही, आणि का विचारलं नाही हे तिला कधी कळणारही नाही.

ही मैत्रीण म्हणते, आमच्या वकिलीत एक बरं असतं, खटल्याला नाव असतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. ते पाहून श्रेया सिंघल ही कायदा शिकू पाहणारी मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, अशा अटकेला वाट देणारं कलम ६६-अ रद्द झालं. आता त्या निकालाबद्दल बोलायचं तर तिचं नाव घ्यावंच लागतं. विद्यार्थ्यांना ते पाठ करावं लागतं. सॉकमधल्या तिकिटाला मात्र नुसता नंबर असतो.

शिवाय आमच्या तोंडाला कुलूप असतं. कुठल्या कंपनीत घडलं, कुठून आत आले, हे मी अर्जात लिहू शकत नव्हते. इथेही मी ओळखीच्या सगळ्या खुणा बदलूनच लिहितेय. एलिझबेथ फ्रीडमन यांनी दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतल्या नाझी हेरांचे संदेश फोडले. श्रेय एफबीआयनं घेतलं. त्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती, ती पाळली, आणि १९८० साली त्या गेल्या. त्यांचे कागद खुले झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. गप्प राहणं हाच ज्या कामाचा धर्म, तिथे कौतुक आपोआप होईल अशी वाट बघत बसलं तर ते कधीच व्हायचं नाही. ज्यांना काम माहीत आहे त्यांनी, जेवढं सांगता येतं तेवढं, नेमकं सांगायला हवं.

मी तो रकाना पुसला आणि पुन्हा लिहायला बसले. सहा महिने नोंदी ठेवल्या. २ वाजून ४१ मिनिटांनी ‘लो’ अलर्ट उघडला. नोंदींशी ताडून पाहिला. तीन फोन केले. वरिष्ठांनी उद्यावर ढकललं तेव्हा तिकिटाची पातळी स्वतःच्या जबाबदारीवर वाढवली. ३ वाजून ८ मिनिटांनी अकाउंट बंद करवलं. प्रत्येक पायरीची वेळ लिहिली. नोंदींची ती पद्धत आता तिन्ही पाळ्यांना लागू आहे, हेही लिहिलं. कष्टाळू आणि शांत हे शब्द कुठेच आले नाहीत.

आईला वाचून दाखवलं. मटार संपले होते, टरफलांचा ढीग तिनं कागदात गुंडाळून ठेवला होता. “वेळ लिहिली होती तिनं?” आईनं विचारलं. “आम्हीही लिहायचो. ट्रंक कॉलचं, म्हणजे परगावच्या फोनचं, तिकीट असायचं. कोणी लावला, कुठे लावला, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, सुरू कधी, संपला कधी. सगळं हातानं. बोर्डावर दिवा लागला की दोर घालायचा, बोलायचं, तिकिटावर लिहायचं, आणि तेवढ्यात दुसरा दिवा.”

मी लॅपटॉप मिटला. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

“त्या तिकिटांवरून सगळं कळत असणार,” मी म्हटलं.

“कळायचं ना. कोण कोणाला किती वाजता फोन करतं, सगळं. १९७८ की ७९ असेल, एक गृहस्थ आले होते. गावात वजन असलेले. खिडकीशी उभे राहून म्हणाले, आमच्या घरून दुपारी कुठे फोन लागतात तेवढं सांगा, बायको माझी आहे, बिल मी भरतो. मी म्हटलं, नाही सांगता येणार. पुन्हा दुसऱ्या दिवशी आले. मिठाई घेऊन आले. मग मोठ्या आवाजात बोलले. तिकिटांचा गठ्ठा माझ्या हाताखालीच होता. मी नाही सांगितलं.”

“नियमच होता ना तसा?”

“होता. टेलिग्राफ कायद्यात शिक्षा होती. पण नियम भिंतीवर होता, खिडकीत मी होते. ती बाई तिच्या आईला फोन करायची. रोज तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की मी सांगायचे, आणि ती रडत ठेवायची.”

पावणेबारा वाजत आले होते. मी लॅपटॉप पुन्हा उघडला, अर्ज पाठवून दिला, आणि एक कोरी फाइल उघडून वर आईचं नाव टाकलं, खाली १९६९.

“कोण होते गं ते गृहस्थ?” मी विचारलं.

आई उठली, टरफलं डब्यात टाकली, हात धुतले. “ते नाही सांगायचं,” ती म्हणाली. “बाकीचं लिही.”